रविवारचा शर्ट

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक बरं आहे.

मी टीव्हीसाठी विनोदी मालिका लिहितो. आता निर्माताही आहे, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेलं खोडतो. बुऱ्हाणपूरचा माणूस मुंबईत मालिका करतो, याचं तिथल्या आमच्या बुधवारा मोहल्ल्यात भारी कौतुक. मुलाखतीत विचारतात, पात्रं सुचतात कुठून? मी म्हणतो, निरीक्षण. शब्द भारदस्त आहे. चोरी म्हणायला लाज वाटते, इतकंच.

माझी मोठी बहीण, सुमनताई, बुधवाऱ्यात राहते. शाळेत शिकवायची. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. भाऊजी नोकरीसाठी सुरतेला गेले, तिकडेच दुसरा संसार थाटला, आणि यायचे बंद झाले. ताईने हे गल्लीला कळू दिलं नाही. दर रविवारी ती त्यांचा एक शर्ट धुऊन गच्चीवर, सगळ्यांना दिसेल असा, वाळत घालायची. म्हणजे शनिवारी भाऊजी येऊन गेले. कुणी विचारलं तर म्हणायची, "आत्ताच तर गेले, रस्त्यात भेटले नाही का?" तो शर्ट कुणी अंगात घालत नाही, हे दोघांनाच माहीत होतं. मला, आणि शेजारच्या कुसुमवहिनींना — ताईची नि त्यांची गच्ची एकच.

हसू येतंय ना? मलाही आलं होतं.

मालिका बसत चालली होती. चॅनेलला आठवड्याभरात नवं पात्र हवं होतं. मी एका दुपारी लिहून टाकलं — शर्ट, दोरी, रस्त्यात भेटले नाही का, सगळं. फक्त सुरतेचं नागपूर केलं. आमच्या धंद्यात पडद्यावरच्या नावासाठी माणसं एकमेकांचा गळा धरतात. त्या भागांवर मात्र मी लेखक म्हणून एका नव्या मुलीचं नाव घातलं. ती पेढे घेऊन आली, पाया पडली. मी आशीर्वाद दिला. पात्र देशभर चाललं. बुधवाऱ्यातही चाललं.

गल्लीतल्या बायका ताईला हसून विचारायला लागल्या, आम्हाला काही भेटले नाहीत हो भाऊजी. ताईने शर्ट वाळत घालणं सोडलं. मग मला फोन केला. रडली नाही, रागावलीही नाही. कोणी लिहिलं, एवढंच विचारलं. मी त्या मुलीचं नाव सांगितलं — पडद्यावर तेच होतं की. माझ्यावर शंका का आली नाही तिला? तिच्या डोक्यात ते येणंच शक्य नव्हतं. ती म्हणाली, "तिला कसं मालूम पडलं रे? कुसुमनेच कोणाला सांगितलं असेल."

मी म्हणालो, "असेल."

आयुष्यभर संवाद लिहिले, इतका छोटा कधी लिहिला नव्हता. कुसुमवहिनी म्हणजे ताईची एकुलती एक मैत्रीण. तेव्हापासून ताई त्यांच्याशी बोलली नाही.

पुढे वहिनींच्या मुलाने लालबागला घर घेतलं — मुंबईचं नव्हे, बुऱ्हाणपूरचंच लालबाग, स्टेशनकडचं. जायच्या दिवशी त्या ताईच्या दाराशी आल्या. मी सुट्टीला आलो होतो, आत पोहे खात होतो. ताईने दार उघडलं नाही. बाहेरून आवाज आला, "सुमन, तुझी कसम, मी कोणालाच नाही सांगितलं."

ताईने माझ्याकडे पाहिलं. उघडू का, असं विचारत होती ती — एवढं कळतं मला, माणसं ओळखणं हाच माझा धंदा. मी मान हलवली. नको.

थोड्या वेळाने चपलांचा आवाज जिना उतरून गेला. मी पोहे संपवले.

दोघी अजून आहेत. लालबाग रिक्षाने पंधरा मिनिटं. मी दर दिवाळीला बुऱ्हाणपूरला जातो. ताई आल्यागेल्याला सांगते, त्या दिवसांत भाऊ पाठीशी होता म्हणून मी सावरले. मी तिथेच बसलेला असतो. ऐकून घेतो.