बोट ठेवायची जागा

तलासरीच्या शाळेत मास्तर असताना मुलांना लांब उडी शिकवायचं काम माझ्याकडे आलं. उडीबद्दल मी फक्त वाचलं होतं. तरी धोतराचा काचा मारला, धावत आलो आणि झेप घेतली. खाली आलो तो एकट्या उजव्या पायावर. मुलांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून मीही हसत उभा राहिलो. ते हसू मसोलीच्या घरी पोहोचेपर्यंत टिकलं नाही. खुर्चीतून उठताना, एसटीची पायरी चढताना, कुशीवर वळताना अशी कळ येई की डोळ्यांत पाणी.

डहाणूच्या दवाखान्यात गेलो, तर डॉक्टर नेमक्या बाई निघाल्या.

"कुठं दुखतं, मास्तर?"

दुखत होतं बसायच्या जागी. परक्या बाईसमोर तिथं बोट कसं लावायचं? मी अदबीने हात कमरेवर, तोही चांगला वरच ठेवला. "इथंच, जरासं."

त्यांनी मलम दिलं, शेकायला सांगितलं. मग बरेच दिवस मी माझी धडधाकट पाठ इमानेइतबारे शेकत राहिलो.

शेवटी बायको बरोबर आली. बाईंनी पुन्हा विचारलं, माझा हात पुन्हा वर गेला.

"अहो, खोटं काय सांगता?" असं म्हणत हिने माझ्या उजव्या कुल्ल्यावरच्या खळीत सरळ बोट रोवलं. "बाई, इथं धरून कण्हत असतात."

बाईंनी मला उताणं निजवलं, उजवा घोटा डाव्या गुडघ्यावर ठेवला आणि उजवा गुडघा हळूच खाली दाबला. मी असा ओरडलो की बाहेर बसलेली आगर गावची मासळीवाली आत डोकावून गेली.

"कंबर शाबूत आहे," बाई म्हणाल्या. "कणा खाली कुल्ल्याच्या हाडाला मिळतो, तो सांधा दुखावलाय. मास्तर, आधी का नाही बोललात?"

मी उठून धोतर सावरू लागलो.

कुल्ल्यांभोवती आवळायला कॅनव्हासचा रुंद पट्टा मिळाला. निजायला फळी, आणि दुखणं उतरल्यावर व्यायाम. पट्टा घट्ट बसावा म्हणून ही माझ्या पाठीला गुडघा लावून ओढायची आणि वर म्हणायची, "श्वास सोडा, पोट कुणाला दाखवायचंय?"

हळूहळू आराम पडला. कुणाचा हात न धरता मी एसटीत चढू लागलो. हिची मात्र डॉक्टरीणबाईंशी चांगलीच गट्टी जमली. त्या दोघी माझ्याविषयी काय बोलून एवढ्या हसत, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.