दोन्ही ठेवा

परवा कॉम्प्युटरवर एका फाईलच्या नावापुढे कंसातला ‘१’ दिसला आणि करडी गावातली आमची भाताची बांधी आठवली, लावणीच्या रोपांच्या, ओल्या पऱ्ह्यांच्या हिरव्या वासासकट. धानाची रोवणी चालली होती. आई बायांच्या ओळीत वाकून गात होती आणि मी शूटिंगचा कॅमेरा घेऊन बांधीच्या कडेला धुऱ्यावर उभा होतो. दुपारी कार्ड बदललं, तसे फाईलींचे आकडे पुन्हा एकपासून सुरू झाले. संध्याकाळी दोन्ही कार्डं एकाच फोल्डरमध्ये उतरवताना कॉम्प्युटरने विचारलं, या नावाच्या फाईली आधीच आहेत, काय करू? घाईत मी ‘सगळ्या बदला’ दाबलं. कार्डंही पुसली, कारण सकाळी शहापूरला वाढदिवसाच्या शूटिंगची ऑर्डर होती. सकाळच्या फाईलींतलं आईचं गाणं गेलं. उरली दुपारची ट्रॅक्टरची घरघर आणि तिची वाकलेली पाठ. “काहून तोंड पाडून राहिला? पुढच्या रोवणीले म्हणीन ना,” आई हसत म्हणाली. पुढच्या रोवणीला आई नव्हती. आता मी न चुकता ‘दोन्ही ठेवा’ दाबतो, मग दुसऱ्या फाईलच्या नावापुढे तो कंसातला ‘१’ येतो. दुपारची ती फाईल मात्र आवाज पूर्ण वाढवून ऐकतो. शेवटी ट्रॅक्टर थांबतो, गाणं धरण्याआधी आई घ्यायची तसा एक श्वास ऐकू येतो, आणि फाईल संपते.