असेनादाबाईंचं घमेलं

संध्याकाळी मी घरी आलो. व्हरांड्यात चटईवर मंडळी गोल करून बसलेली, मधोमध प्लॅस्टिकचं घमेलं, घमेल्यात गढूळ पाणी आणि शेजारी नारळाची करवंटी. आमच्या या बेटावरच्या लौटोकात असं चित्र दिसलं की माणूस विचार करत नाही, बसतो. मीही बसलो. चष्मा खिशात होता. मंडळी आज जरा बुटकी दिसतायत, एवढंच वाटलं. एक टाळी वाजवली, करवंटी बुडवली आणि एका दमात रिकामी केली.

यांगोना, म्हणजे मुळं कुटून पाण्यात कालवलेलं आमचं पेय, तशी चिखलासारखीच लागते. पण दातांखाली वाळू येत नाही.

मंडळींनी रीतीप्रमाणे तीन टाळ्या वाजवल्या. मग शिकवणीची बाई असेनादा शांतपणे म्हणाली, "आजा, ती यांगोना नव्हती. तो धडा होता."

ओढ्याची माती, उसाच्या शेतातली माती आणि समुद्राची वाळू असं सगळं सकाळी पाण्यात ढवळून ठेवलेलं. तळाशी आधी काय बसतं, वर काय तरंगतं, ते बघायला मुलं मुद्दाम संध्याकाळी पुन्हा जमली होती. आणि मी त्यांचे दिवसभराचे थर ढवळून प्यालो होतो.

"आता थर आजाच्या पोटात बसणार!" माझा नातू रोनिल ओरडला, आणि व्हरांडा हसून हसून आडवा झाला. नेमकी त्याच वेळी माझी सून रंजनी कामावरून रोजच्यापेक्षा लवकर परतली.

"कुणाचं लग्न आहे?" फाटकातूनच तिने विचारलं. मग मुलं मोजली. शिकवणी आमच्या दोन नातवंडांची होती. चटईवर नऊ जण होते.

आजार आला तशा शाळांना कुलपं लागली, विमानं थांबली आणि हॉटेलं ओस पडली. असेनादा त्यातल्याच एका हॉटेलात कानामागे फूल खोचून पाहुण्यांचं 'बुला' म्हणून स्वागत करायची. खरं तर ती मास्तरकीचं शिकलेली. पण नेमणुकीची वाट बघता बघता जे काही वर्षांपुरतं म्हणून धरलं, तेच हाताला चिकटलं. हॉटेल बंद झालं आणि ती आमच्या गल्लीत मावशीकडे आली. प्रीतिकाची, म्हणजे माझ्या नातीची, पुढल्या वर्षी आठवीची परीक्षा. शिकवणीला बाई हवीच होती. आठवड्याला तांदूळ, आटा आणि डब्यातली मासळी असं ठरलं. त्यावर मावशी-भाचीची चूल पेटायची.

पहिले काही दिवस दोनच मुलं होती. मग एके सकाळी समोरच्या लितियाची आई फाटकाशी आली. हीही त्याच हॉटेलात खोल्या झाडायची. "केरेकेरे, असेनादा," एवढंच म्हणाली आणि पोरीला आत ढकललं.

आता केरेकेरे म्हणजे नुसतं 'कृपा करा' नव्हे. तो शब्द म्हणून कुणी हात पुढे केला की नाही म्हणायची सोय राहत नाही. या शब्दापायी माझी शिडी तीन गल्ल्या फिरून आली, आणि येताना कुणीतरी तिला कसाव्याच्या कंदांची जुडी बांधून पाठवली. लितियामागून तिचे भाऊ आले, भावांमागून चुलतभाऊ. रंजनी अंधार पडल्यावर घरी यायची, त्याआधी चटई गुंडाळलेली असायची. मला सगळं दिसत होतं. पण ती मुलं पाढे म्हणायला लागली की रोनिलही त्यांच्याहून मोठ्याने ओरडायचा, म्हणून मी चष्मा खिशात ठेवायला शिकलो होतो.

"आटा माझा आणि वर्ग अख्ख्या गल्लीचा?" रंजनी कडाडली. "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"माझ्या तोंडात वाळू आहे," मी म्हणालो.

"लितियाच्या आईने केरेकेरे म्हटलं, वहिनी," असेनादा म्हणाली.

"मग आम्हाला विचारायचंस!"

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात."

"अर्थात!"

"म्हणून नाही विचारलं."

रंजनीने पर्स खाली आपटली. ती काही कजाग नाही. नवरा परदेशात अडकलेला, दिवसभर औषधाच्या दुकानात तोंड बांधून उभी, आणि पोरीचं वर्ष बुडतंय ही धास्ती. "उद्यापासून दोघंच," ती म्हणाली. "जमत नसेल तर दुसरी बघते. रिकाम्या बायांना सध्या काय तोटा?"

असेनादाने मान खाली घातली, घमेलं उपडं केलं आणि मुलांना घेऊन गेली.

सकाळी आमच्या पायरीवर त्या आठवड्याच्या तांदूळ-आट्याची पिशवी होती, गाठही न सोडलेली. आणि फाटकाबाहेर, रस्त्यावरच्या आंब्याखाली, असेनादा चटई पसरत होती. लितियाची भावंडं घमेलं धरून ओढ्याकडून येत होती. कामाला निघालेली रंजनी पिशवीपाशी थांबली, मग आंब्याकडे बघत राहिली. प्रीतिका आणि रोनिल वह्या घेऊन तिच्या अंगावरून निसटले. तिने हाक मारली नाही. पण पिशवीही उचलली नाही. तशीच निघून गेली.

मी आंब्याखाली गेलो. मावशीची चूल डोळ्यांपुढे होती.

"असं करू नकोस, पोरी," मी हळूच म्हणालो. "आटा घरी ने. बाकीच्यांना सांग, आजा नको म्हणतो. खापर माझ्यावर फोड. न बोलावता आलेल्यांना परत पाठवायला लाज कसली?"

तिने घमेल्यात माती सोडली, काठीने ढवळली आणि वर न बघताच म्हणाली,

"काल तुम्हीसुद्धा न बोलावताच बसलात, आजा, उठवलं का मी तुम्हाला?"