अस्वलाचं खरं नाव

गुडगावात काचेच्या इमारती एकामागून एक उभ्या राहत होत्या, त्या दिवसांत तिथल्या एका कॉल सेंटरात मला नोकरी लागली. फोन हाती देण्याआधी काही आठवडे इंग्रजी बोलायला शिकवत. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, तरी पहिल्याच दिवशी अडकले. समोरच्याला जरा थांबवायचं असलं की ‘प्लीज बेअर विद मी’ म्हणायचं. माझ्या तोंडून ‘बिअर’ यायचं.

शिकवणारी माझ्याच वयाची होती. म्हणाली, “यार, तू कस्टमर को बिअर पिलाने बैठी है क्या?” सगळा वर्ग हसला. मीही हसले.

त्याच आठवड्यात आईच्या तपासणीचा निकाल आला. डॉक्टरांनी बाबांना आणि मला बाहेर बोलावून सांगितलं. खाली उतरताना जिन्यातच बाबा म्हणाले, “तिला गाठ आहे म्हणायचं. औषधानं विरघळेल म्हणायचं. बस.”

बाबा शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाले होते. मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत ते दूधवाल्याचंही व्याकरण सुधारत. त्या माणसाच्या बोलण्यात आता आधी ‘गाठ’ आली, मग ‘ते’, मग नुसतं ‘तुझं दुखणं’.

संध्याकाळी मी बाहेरच्या खोलीत ‘बेअर, बेअर’ घोकत बसे. आई दिवाणावर पडून ऐके. सरकारी कार्यालयात तिनं उभा जन्म इंग्रजी पत्रं टाइप केली होती. एकदा न राहवून म्हणाली, “अगं, बे एके बे म्हणतेस ना? तसा ‘बे’ म्हण, आणि ‘अर’ नुसता सोडून दे. जोर लावू नकोस.”

मी म्हटलं. जमलं.

“पण थांबण्याचा आणि अस्वलाचा संबंध काय?” तिनं विचारलं.

बाबांनी पेपर बाजूला ठेवला. कितीतरी दिवसांनी त्यांना घरात असा प्रश्न मिळाला होता. “काही संबंध नाही. सोसणं, वाहून नेणं हा जो बेअर, तो आपल्या ‘भार’च्या नात्यातला. अस्वलाचा निराळा. त्याचा मूळ अर्थ भुरा, तपकिरी, असं मानतात.”

“म्हणजे ते नाव नव्हेच. नुसता रंग.”

“बरोबर! खरं नाव दुसरंच होतं. आपल्याकडे ते ऋक्ष म्हणून राहिलं, हिंदीत त्याचं रीछ झालं. पण उत्तरेकडच्या त्या जंगलातल्या लोकांना अस्वलाची फार भीती. नाव घेतलं तर येईल, म्हणून ते ‘भुरा’ म्हणू लागले. पुढच्या पिढ्यांना खरं नाव माहीतच राहिलं नाही.”

“आमच्या गावीही सापाला रात्री लांबडं म्हणायचे,” आई म्हणाली. मग बाबांकडे वळून, “आणि भुरा म्हटल्यावर अस्वल यायचं थांबलं का हो?”

बाबा हसले. “ते कसं थांबेल?”

“मग तुम्हीही आता नाव घ्या. त्या हॉस्पिटलच्या दारावरची पाटी मला वाचता येत नाही, असं वाटलं का तुम्हाला?”

बाबांचं हसू तोंडावर तसंच राहिलं. “दूध ठेवलंय गॅसवर,” असं म्हणत ते आत गेले. गॅसवर काहीच नव्हतं.

आईनं माझ्याकडे पाहिलं. “तू तरी.”

“कॅन्सर,” मी म्हटलं.

“अच्छा,” ती म्हणाली. “किती पसरलाय, तेही सांग.”

मी सांगितलं. तिनं माझा हात धरून ठेवला, पण रडली नाही. त्या दिवसापासून आम्ही दोघी मोकळेपणानं बोलायला लागलो. पुन्हा हॉस्पिटलात नेऊ नका म्हणाली. माहेरच्या कुणाला कधी कळवायचं, तेही ठरवलं. मात्र बाबा खोलीत आले की ती उगाच त्यांच्याकडे बघत राही. “अहो, बसा ना जरा,” असं म्हणून सुरुवात करी, आणि ते लगेच डाळिंबाचा रस आणायला उठत. “आज तुझा चेहरा ताजा दिसतोय बरं का,” म्हणत.

“मला सांग, मी सांगते त्यांना,” असं मी एकदा म्हटलं.

“नाही. ते त्यांच्याशीच बोलायचंय,” ती म्हणाली. “त्यांनी बसायला हवं.”

ते बसले नाहीत. थंडी सुरू झाली तशी आईची शुद्ध जायला लागली. मी प्रशिक्षण पास झाले होते. दिवसभर परक्या माणसांना गोड आवाजात, अगदी अचूक उच्चारात थांबायला सांगत होते. एका दुपारी घरून फोन आला. कंपनीची गाडी मिळेपर्यंत आणि नदीच्या पुलावरच्या गर्दीतून ती निघेपर्यंत आई गेली होती. बाबा तिच्या उशाशी बसले होते.

भेटायला येणाऱ्यांना ते सांगत राहिले, “निमोनिया झाला. थंडी फार होती ना.” मी कधी अडवलं नाही.

पुढे आमच्या घरात बोलणंच उरलं नाही. मी यायची, ताटं घ्यायची, जेवण व्हायचं. एकदा जेवता जेवता बाबांनी मान वर न करताच विचारलं, “तिला मला काही सांगायचं होतं. तुझ्यापाशी बोलली का?”

“नाही, बाबा.”

“काहीच नाही?”

“नाही.”

त्यांनी ताटातला घास उचलला, परत ठेवला, आणि हात धुवायला उठले.