छताऐवजी आरसा

अतिदक्षता विभागात शिरलं की आधी आवाज ऐकू यायचा, माणसं नंतर दिसायची. श्वासयंत्राचा काळा भाता वर जायचा, क्षणभर थांबायचा आणि मग फुसकन खाली बसायचा. तो थांबला की माझाही श्वास अडकायचा. इतकी वर्षं ही यंत्रं दुरुस्त केली, पण ही खोड काही गेली नाही. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी पुण्याची नोकरी सोडून बहारीनला आलो आणि एका हॉस्पिटलात यंत्रांची देखभाल करणारा इंजिनिअर झालो. राहायला गुदैबियात होतो. खाली किराण्याचं दुकान, वर आमचं बिऱ्हाड. त्या विभागातून घरी आलो की बायको न विचारता ओळखायची आणि म्हणायची, आज तिकडे गेला होतात ना, आधी चहा घ्या.

माझा राग यंत्रांवर नव्हता, ती बनवणाऱ्यांवर होता. त्यातल्या एकाही शहाण्याने कधी त्या पलंगावर उताणं पडून पाहिलेलं नव्हतं. मी एकदा पडलो. पलंग रिकामा होता, दुपारच्या जेवणाची वेळ होती. मुख्य सिस्टर मल्याळी होती आणि रागवायची हिंदीतून. तिने मला तिथून हाकललं. आजारी पडायची एवढी हौस असेल तर केसपेपर काढून या, असंही वर ऐकवलं. पण तेवढ्या वेळात मला कळायचं ते कळलं होतं. वर पांढरं छत आणि फडफडणारी ट्यूबलाइट. डोक्यामागे कुठेतरी धोक्याची घंटा. ती वाजली की आपलं काहीतरी बिघडलंय एवढं कळायचं, काय ते कळायचं नाही. सगळे काटे आणि दिवे डॉक्टरांकडे तोंड करून होते. पडलेल्या माणसाकडे यंत्राची नुसती पाठ.

ऐंशीनंतरच्या एका उन्हाळ्यात तो फिटर आला. मालवणकडचा, तिशीही न गाठलेला, अस्करच्या बाजूला पाइप जोडायचं काम करणारा. पायाला मुंग्या येतात म्हणून आला तो दोन सोबत्यांच्या खांद्यावर हात टाकून. लकवा खालून वर चढत होता. आधी पाय गेले, मग हात गेले आणि मग छाती भरेना. शेवटी गळ्याला भोक पाडून त्यातून नळी घातली आणि ती भात्याला जोडली. आता फक्त डोळे हलत होते, आणि त्या डोळ्यांमागे माणूस पूर्ण जागा होता. आमचे डॉक्टर बहारीनचेच, मोजकं बोलणारे. ते म्हणाले, हा आजार चढतो तसा उतरतोही, इंशाल्ला. मात्र मधल्या काळात छातीत जंतू शिरले किंवा याने मनातून हात टेकले, तर सांगता येत नाही. छातीसाठी त्यांच्याकडे औषध होतं.

त्याचा थोरला भाऊ मीना सलमान बंदरावर ट्रेलर चालवायचा. धाकट्याचा व्हिसा त्यानेच काढला होता. वडील लहानपणीच गेलेले, गावी फक्त आई. रोज संध्याकाळी तो यायचा, पलंगाशी उभा राहून धाकट्याच्या कपाळावर हात ठेवायचा, आणि धाकटा छताकडे बघत असायचा, कारण मान वळत नव्हती. भाऊ वाकून समोर आला तरच दिसायचा. एकदा थोरल्याने मला जिन्यात गाठून विचारलं, हा दिवसभर काय बघतो? त्या दिवशी मी वर्कशॉपमध्ये उशिरापर्यंत बसलो.

आरसा थोरल्याच्याच ट्रेलरचा, बाजूला लावायचा जुना. मी एका मोडक्या दिव्याचा वाकणारा दांडा घेतला आणि त्यावर आरसा बसवून तो पलंगाच्या वर असा धरला, की पडल्या पडल्या दार दिसावं, दाराची काच दिसावी, काचेपलीकडचा कॉरिडॉरही दिसावा. धोक्याची घंटा उशामागून काढून तार ओढत सिस्टरच्या टेबलापर्यंत नेली. हृदयाचे ठोके दाखवणारा हिरवा पडदा आता आरशात दिसायला लागला होता, तोही त्याच्या नजरेआड वळवला, कारण तो त्या रेषेकडे बघत स्वतःच्याच ठोक्यांना घाबरायचा. आणि पारदर्शक प्लास्टिकच्या तक्त्यावर मुळाक्षरं रंगवली. आपण अक्षरावर बोट फिरवायचं, हवं ते अक्षर आलं की त्याने डोळे मिटायचे. यात हुशारी काहीच नव्हती. पण पहिल्या दिवशी त्याने मिटत मिटत जो शब्द जुळवला तो होता ‘पेज’. थोरला हसला आणि हसता हसता डोळे पुसायला लागला. सिस्टरला पेज म्हणजे काय ते समजावून सांगितलं, तर म्हणाली, हमारा कंजी. नाकातल्या नळीतून तिने ती द्यायलाही लावली.

त्यानंतर तो दाराची वाट बघायला लागला. संध्याकाळ झाली की नजर आरशात. भाऊ आला की तक्त्यावर रोज तोच प्रश्न असायचा, ‘आवस?’ थोरला सांगायचा, आई बरी आहे, तुझी वाट बघते. डॉक्टरांनी थोडा थोडा वेळ भाता सोडवून बघायला सुरुवात केली. छाती जरा हलत होती. मी घरी बायकोला सांगितलं, हा उठणार. ती म्हणाली, एवढ्यात बोलू नका. मला तिचा राग आला होता.

मग एके दिवशी दुपारी थोरला माझ्या वर्कशॉपच्या दारात उभा. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. त्याने तो काढला तेव्हा मी हातातला पाना खाली ठेवला. डोकं तुळतुळीत, मिशी साफ. गुदैबियातल्या न्हाव्याकडून तो सरळ इकडेच आला होता.

“सायबानू, आमची आवस गेली,” तो म्हणाला. “तेका सांगूक नको. तो भात्यावर आसा तवसर नको.”

मी कसंबसं म्हटलं, अरे, मग केस काढायचं थांबवायचं होतंस थोडे दिवस. बोलल्यावर मलाच लाज वाटली. त्याने मात्र मनाला लावून घेतलं नाही. “मोठो झील मी. थंय कोण करणार? हय तरी करूक होया ना.”

आमच्याकडे आजाऱ्यापासून मरण लपवणं यात कोणाला वावगं वाटत नाही. त्याला बळ येऊ दे, मग सांगू, असंच सगळे म्हणतात, आणि मीही तेच म्हटलं. ऑपरेशनवाल्यांची हिरवी टोपी थोरल्याच्या भुवयांपर्यंत ओढली, तोंडावर मास्क बांधला. एकट्यानेच बांधला तर संशय येईल, म्हणून मी जाहीर केलं की आजपासून या पलंगाशी सगळ्यांना टोपी आणि मास्क सक्तीचा. डॉक्टरांना वाटलं मी जंतूंची काळजी घेतोय. सिस्टरला खरं सांगावं लागलं. ती म्हणाली की तिच्या वडिलांच्या वेळी ती कुवेतला होती आणि तिलाही असंच कोणीतरी उशिरा सांगितलं होतं. त्याबद्दल तिने अजून माफ केलेलं नाही, हेही सांगितलं. तरीही तिने टोपी घातली.

रोजचा प्रश्न मात्र थांबला नाही. तक्ता मीच धरायचो. माझं बोट अक्षरांवरून सरकायचं, ‘अ’ मागे पडायचा, ‘आ’वर तो डोळे मिटायचा, आणि पुढचा शब्द कोणता ते मला आधीच ठाऊक असायचं. ज्याला बोलता यावं म्हणून मी तक्ता केला, त्याने बोलू नये असं मला वाटायला लागलं होतं. थोरला मास्कमधून सांगायचा, “बरी आसा.” धाकटा त्याच्या डोळ्यांकडे बघत राहायचा. एकदा त्याने ‘टोपी’ असं जुळवलं. मी घाईघाईने नवा नियम समजावून सांगितला, जरुरीपेक्षा जास्तच. त्याने डोळे मिटले, पण कोणत्याच अक्षरावर नाही.

तरी छाती सुधारत होती. मग एका संध्याकाळी डॉक्टरांनी भाता सोडवला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ तसाच राहू दिला. तो स्वतःचे स्वतः बारीक श्वास घेत होता. थोरला हे बघून इतका हरखला की त्याला तिथे उभं राहवेना. तो बाहेर गेला. कॉरिडॉरमध्ये त्या दिवशी वातानुकूलन धड चालत नव्हतं, ऑगस्टचा उकाडा होता. काचेपलीकडे त्याने भिंतीला पाठ टेकली, एका हाताने टोपी ओढून काढली, दुसऱ्याने मास्क, आणि टोपीनेच डोक्यावरचा घाम पुसला.

मी आरशाकडे पाहिलं. आरशात ते सगळं होतं.

धाकट्याचे डोळे तिथेच होते. चेहरा हलत नव्हता, हलणारच नव्हता. फक्त छाती थांबली. सिस्टरच्या टेबलावर घंटा वाजायला लागली. ती धावत आली, डॉक्टरांनी नळी पुन्हा भात्याला जोडली, आणि भाता वर-खाली होऊ लागला. थोरला काचेपलीकडून आत बघत होता. टोपी त्याच्या हातातच होती.

त्यानंतर धाकट्याने डोळे उघडले नाहीत. तक्ता धरला तरी नाही, हाक मारली तरी नाही. ताप चढला. भाता सोडवला की छाती प्रयत्नच करत नव्हती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, तुमच्या माणसाला झालंय काय? आता लपवण्यासारखं काही नव्हतं, मी सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, मग आता त्याला नीट सांगा, भावाने सांगा. आणि दोन्ही गोष्टींची तयारी ठेवा.

थोरला उघड्या डोक्याने आत आला. त्याने सांगितलं कधी गेली, कशाने गेली, शेजारच्या कोणी पाणी पाजलं, अग्नी कोणी दिला. एकेक गोष्ट, सावकाश. धाकट्याच्या मिटल्या पापण्यांच्या कडेने पाणी कानाकडे उतरलं. मी आरसा काढायला स्क्रू ड्रायव्हर घेऊन आलो होतो, तो तसाच खिशात ठेवला.

मग डोळे उघडले. ते तक्त्याकडे गेले.

मी बोट फिरवायला लागलो. दोनदा ओळ चुकली. त्याने थकत थकत जुळवलं: ‘माका पण’. मला समजलं नाही. थोरल्याला समजलं. त्याने स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला आणि धाकट्याच्या कपाळावर ठेवला. धाकट्याने डोळे मिटले आणि उघडले, म्हणजे हो.

सिस्टरने डॉक्टरांना विचारलंसुद्धा नाही. तिने कोमट पाणी, साबण आणि नवं पातं आणून दिलं, पलंगाभोवती पडदा ओढला आणि स्वतः नळी धरून उभी राहिली. थोरला ट्रेलर चालवणारा माणूस, राकट हाताचा. त्याने कपाळापासून सुरुवात केली. केस ओल्या टॉवेलवर पडत होते. मिशी काढताना त्याने धाकट्याचा वरचा ओठ दोन बोटांत धरला, लहान मुलाचं नाक पुसताना धरतात तसा. मी दांडा वाकवून आरसा खाली आणला होता, धाकटा त्यात स्वतःकडे बघत होता.

शेवटचा हात फिरला आणि घंटा वाजली. सिस्टर नळी चाचपायला लागली, मी भात्याकडे धावलो. डॉक्टर पडदा सारून आत आले. भाता अर्ध्यात अडखळत होता, कारण खालून कोणीतरी त्याच्या तालाबाहेर हवा ओढत होतं. डॉक्टरांनी छातीवर तळहात ठेवला आणि यंत्रावरची कळ दाबून घंटा स्वतः बंद केली.

“हा रडतोय,” ते म्हणाले. “स्वतःच्या श्वासाने.”

मी हे थोरल्याला मराठीत सांगितलं. त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. धाकट्याच्या गळ्यातल्या नळीमुळे आवाज फुटत नव्हता, त्यामुळे दोघांचं रडणं थोरल्याला एकट्यालाच आवाज काढून रडायचं होतं.