बाळंतिणीची मुशी

आज बंदरावर कोळणीने मुशी चिरली, तर पोटातून पाच पिल्लं निघाली. मुशी म्हणजे शहरातल्या लोकांचा शार्क. काल टीव्हीवर सांगत होते की पार अटलांटिक समुद्रातल्या मुश्यासुद्धा पिल्लं द्यायला काठाच्या उथळ पाण्यात येतात. आई मग खोल पाण्यात निघून जाते.

आमच्याकडे अंगावर दूध यावं म्हणून बाळंतिणीला मुशी खाऊ घालतात. माझी बायको मासे विकायची. गावातल्या किती बाळंतिणींना तिने मुशी नेऊन दिली असेल, पण आमच्या चुलीवर ती कधी शिजली नाही. आम्हाला मूल झालं नाही. मी एकदा खायला मागितली, तर म्हणाली, "आपल्या घरात नको. दुसरं काय ते सांगा." मी मूर्ख, ताटावरून उठलो.

"घेताय काय, आबा?" कोळणीने विचारलं. "की घरात बाळंतीण नाही म्हणून लाजता?"

ती हसली, मीही हसलो. बायको जाऊन तीन वर्षं झाली. आता मुशी नेली तर कोण अडवणार आहे? तरी हात पुढे होईना. मला मुशी नको होती. तिने पुन्हा एकदा "आपल्या घरात नको" म्हणायला हवं होतं.