फुकट प्रवासाची भाडेवाढ

बसचं भाडं वाढलं तेव्हा आमच्या तापीकाठच्या गावात सगळ्यात जास्त संताप ज्या बाईला आला, तिला तिकीटच लागत नव्हतं. भिकुबाई पाटील. वय पंचाहत्तरच्या पुढे, म्हणजे सरकारच्या कृपेने कुठेही जा, मोफत. घरी केळीची बाग, दारात मुलाची, हेमकांतची पांढरी चारचाकी. अशा बाईने भाडेवाढीवर बोलावं, हे गावातल्या शहाण्यांना पटलं नाही. ज्यांना पटलं नाही ते सगळे मोटारसायकलवर फिरणारे होते.

भिकुबाई मात्र बसनेच जायची. खांडबाऱ्याला लेक दिलेली, तिच्याकडे जायचं तर आधी नंदुरबारपर्यंत बस आणि पुढे रेल्वे. हेमकांत म्हणायचा, "माय, गाडी शे ना दारमा!"

"तुन्ही गाडी तुन्ही सवडवर निंघस," भिकुबाई म्हणायची. "बस मन्ही सवडवर."

हे भाडेवाढीच्या आधीचं. भाडं वाढलं आणि बसचं तिकीट जवळपास काळीपिवळी जीपच्या भाड्याला जाऊन टेकलं. जीपवाला दारात थांबतो, हाक मारली की थांबतो, बकरीलाही नाही म्हणत नाही. पुरुषमंडळी जीपकडे वळली. बसमध्ये उरल्या अर्ध्या तिकिटाच्या बाया, पासवाली पोरं आणि फुकटातली भिकुबाई. उत्पन्न वाढावं म्हणून भाडं वाढवलं होतं. उत्पन्न घटलं. मग उत्पन्न नाही म्हणून दुपारची फेरी बंद केली. हिशेब करणाऱ्यांची पगारवाढ तेवढी वेळेवर झाली असावी.

दुपारच्या त्या फेरीने भिकुबाईची नात, हेमकांतची मुलगी काजल, कॉलेजातून घरी यायची. आता ती जीपच्या मागच्या फळीवर उभी राहून, दांड्याला धरून यायला लागली. एकदा वळणावर तिचा हात सुटला. पडली नाही, शेजारच्या माणसाने दप्तर धरलं. हेमकांतने त्याच दिवशी निर्णय दिला, "बस झालं कॉलेज. घरी बसून परीक्षा दे."

काजल रडली. भिकुबाई रडली नाही, तिने विचारलं, "जीपमाईन पोर पडस, त पोरले घरमा बसाडो?" हेमकांत उठून मळ्यात गेला.

दोन दिवसांनी गावच्या फाट्यावर भाडेवाढीविरुद्ध रास्ता रोको झाला. नेतृत्व भाग्येशभाऊंचं. भाग्येशभाऊ म्हणजे भावी जिल्हा परिषद सदस्य. 'भावी' हे त्यांचं पद गेल्या दोन निवडणुका कायम आहे. आंदोलन कडक होतं. लग्नाच्या गाड्या सोडल्या, दवाखान्याच्या सोडल्या, ओळखीच्या सोडल्या, ट्रकवाल्यांनी दमदाटी केली म्हणून ट्रक सोडले. अडली ती एकच गाडी, सकाळची बस. तिच्यात भिकुबाई होती.

ऊन चढलं. बसमधली पोरं रडायला लागली. घोषणा चालू होत्या, 'गोरगरिबांची लूट थांबवा!', आणि गोरगरीब आत बसून घाम पुसत होते. शेवटी भिकुबाई खाली उतरली आणि थेट भाग्येशभाऊंसमोर उभी राहिली. समोर कुणीतरी मोबाइल धरून चित्रण करत होतं.

"कशावर उना रे भाऊ?"

"गाडीवर, आजी."

"ह्या बसमा कव्हय बठना व्हता?"

भाग्येशभाऊ हसले. आठवण्याइतकं अलीकडचं काही नव्हतं.

"मंग चाल ना. आठे उन्हामा बसापेक्षा तठे आगारमा जाईसन सांगू. ह्याच बसमा."

मोबाइल चालूच होता. नाही म्हणायची सोय राहिली नाही. भाऊ चढले, त्यांच्यामागे दहा-बारा कार्यकर्तेही. कंडक्टर दोधू सकाळपासून पहिल्यांदा खूश दिसला. त्याने एकेकाला वाढीव भाड्याचं तिकीट फाडून दिलं. कार्यकर्ते एकमेकांच्या तोंडाकडे बघत म्हणाले, "एवढं झालं?" आंदोलनाचा विषय त्यांना तेव्हा कळला.

आगारात तिथल्या मुख्य साहेबांनी निवेदन घेतलं, भाऊंसोबत फोटो काढू दिला, आणि भिकुबाईला म्हणाले, "आजी, तुम्हाला तर प्रवास मोफत. भाडेवाढीचा तुम्हाला काय त्रास?"

"माले फुकट शे. पन गाडीच उनी नही त मी फुकट कशामा बसू?"

साहेब जरा वरमले. "भाडं वर ठरतं, आजी. आमच्या हातात काही नाही. फेरीचं म्हणाल तर ती तोट्यात होती."

"आमना गावले औंदा कमान बांधी, सरकारी पैसामा. त्या कमानमाईन कोन तिकीट काढीसन जास? ती तोट्यामा नही का?"

कमानीच्या उद्घाटनाला नारळ फोडणारे भाग्येशभाऊ खिडकीबाहेर बघू लागले. साहेबांना हसू आवरेना. ते म्हणाले, "कमानीला डिझेल लागत नाही, आजी." मग हसू थांबलं तसं म्हणाले, "महिनाभर दुपारची फेरी पुन्हा सोडून बघतो. माणसं बसली तर राहील. नाही बसली तर मला दोष देऊ नका."

एवढंच पदरात घेऊन ती परतली. भाडं एक पैशाने कमी झालं नाही. गावात भाऊंचा फलक लागला, 'आपल्या लढ्याला यश'. भिकुबाईने तो काजलकडून वाचून घेतला आणि ती कामाला लागली. दारोदार फिरून तिने जीपच्या गिऱ्हाइकांना ओळखीने, नात्याने, शिव्या देऊन बसकडे वळवलं. सगळ्यात हट्टी गिऱ्हाईक घरचंच निघालं. बी-बियाण्याला तालुक्याला जाणाऱ्या हेमकांतच्या गाडीची किल्ली तिने आपल्या कनवटीला बांधली.

त्या दिवशी दुपारच्या फेरीने हेमकांत परत आला तो घामाघूम. जागा मिळाली नव्हती, सगळा रस्ता उभं राहून. पुढच्या बाजूला, फेरी सुरू झाल्यापासून पुन्हा कॉलेजला जाणारी काजल मात्र मैत्रिणीशेजारी बसून निवांत पेरू खात होती. घरात शिरताच तो ओरडला, "एवढं भाडं आन उभं ऱ्हाई यानं? काय लूट शे ही!"

"बठ," भिकुबाई म्हणाली. "पाणी पी. मंग अर्ज लिख, दुसरी गाडी मांगानी."

हेमकांत पाणी प्यायला, आणि त्याने काजलकडे पेन मागितलं.